तुपाची वाटी

आईची कवळी सापडली ती तुळशीच्या कुंडीत. सापडली म्हणजे अर्धी सापडली. वरच्या कवळीचा डावीकडचा भाग, त्यावर चार दात आणि गुलाबी हिरडीवर सुईने टोचल्यासारखी भोकं. उरलेले तुकडे दिवाणाखाली मिळाले. मी ते सगळे ओट्यावर वर्तमानपत्र पसरून जोडून पाहिले, कारण काही आमच्या कुत्र्याच्या पोटात गेलं असेल तर डॉक्टरकडे पळावं लागणार होतं. एक दाढ कमी पडत होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेल्यावर मिळाली. कशी, ते लिहीत नाही.

रंगपंचमीचा दिवस होता. इंदुरात होळीपेक्षा रंगपंचमीचं प्रस्थ मोठं. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, चार-चार मजले भिजतात. मी आणि मुलगी गेर बघून हिरवे-जांभळे होऊन घरी आलो तर आई दारातच उभी, तोंडावर पदर. आधी वाटलं, रंगाच्या भीतीने धरलाय. मग ती काहीतरी म्हणाली आणि ते आम्हाला कळलंच नाही. कवळीशिवाय आईचे दंत्य वर्ण सगळे वाऱ्यावर जातात. तिसऱ्यांदा कळलं. "तुझ्या लेकीच्या लाडक्याने माझं तोंड खाल्लं."

दुपारी आडवं होताना आई कवळी स्टीलच्या वाटीत, पाण्यात काढून ठेवते. वाटी पलंगाशेजारच्या स्टुलावर. गेली अकरा वर्षं ती तिथेच असते आणि अकरा वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही.

दंतवैद्याने तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुत्रा पाळलाय का?" त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नव्हतं. म्हणाले, कवळी कितीही घासा, माणसाच्या लाळेचा वास ॲक्रिलिकला राहतोच, आणि कुत्र्याच्या दृष्टीने तो घरातल्या माणसाचा सगळ्यात दाट वास. घरी येताना मी मनातल्या मनात आमच्या नुकसानीची यादी चाळली. टीव्हीचा रिमोट. हिच्या चष्म्याची काडी. माझ्या कोल्हापुरीचा अंगठा. मुलीचे मोजे, इयरफोन, केसांचं रबर. एकही वस्तू अशी नव्हती जिला आमच्यापैकी कुणाचा हात, पाय, कान किंवा तोंड रोज लागत नाही. शोकेसमधली लाकडी हत्तींची जोडी, जी खाल्ली असती तर मी त्याला जिलबी दिली असती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तो घरात आला मार्गशीर्षात. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत, शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली कुडकुडत बसला होता. दोनेक महिन्यांचा असेल. अस्सल गावठी, रंग गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडीसारखा, कडेला थोडा करपलेला. थंडीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडूवर जीरावन मसाला भुरभुरून खाणं हा मुलीचा धर्म, म्हणून तिने नाव ठेवलं गराडू. आईला हे नाव मुळीच मान्य नव्हतं. खंडोबाचा नैवेद्य होऊन रात्र उलटत नाही तोच दाराशी कुत्रं येतं म्हणजे काय, हे इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला सांगावं लागू नये असं तिचं म्हणणं. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रा. तिने त्याला वाघ्या म्हणायला सुरुवात केली आणि भरीत-रोडग्यातलं उरलेलं भरीत त्याच्यापुढे ठेवायला निघाली. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो हे मुलीने मोबाइलवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "खंडोबाच्या कुत्र्याला नाही फोडत." पण ठेवलं नाही. पुढे प्रसादाचे बेदाणे, सुट्टीतलं चॉकलेट, मुलीचं बिनसाखरेचं च्युइंगगम, असं एकेक फळीच्या वर-वर चढत गेलं. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

तर कवळीच्या आठवड्यातली गोष्ट. आई तांदूळ निवडत बसली होती. एक दाणा तिने उचलला, बाजूला टाकला, परत उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि मला हाक मारली. तो दात होता. इवलासा, पोकळ, तांदळाएवढाच, मुळाशी रक्ताचा जेमतेम ठिपका. गराडू तिच्या मांडीला टेकून सुपाची कड चघळत होता, तेव्हा पडला असणार. आईने तो तळहातावर घेतला आणि किती तरी वेळ तशीच बसली. आमच्या लहानपणी पडलेला दात कौलांवर फेकायचा असे. आता कौलं नाहीत. तिने उठून तो तुळशीत टाकला, जिथून आठ दिवसांपूर्वी तिचे चार निघाले होते.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८ असतात आणि पक्के येतात ४२. माणसाचं हे काम सहाव्या वर्षी सुरू होऊन बाराव्या-तेराव्यापर्यंत रेंगाळतं. कुत्रं तेच तीन-साडेतीन महिन्यांचं असताना सुरू करतं आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत उरकून मोकळं होतं. म्हणजे आपण सात वर्षं जी शिवशिव थोडी थोडी सोसतो ती त्याच्या हिरड्यांत तीन-चार महिन्यांत कोंबलेली. त्यात त्याला हात नाहीत. जगातली प्रत्येक वस्तू काय आहे हे बघायचं तर तोंडातच घ्यावी लागते. हे सगळं मी वाचून सांगतो आहे. आईने न वाचता एका वाक्यात सांगितलं होतं. "अरे, दात येतायत त्याला. तू काय कमी केलंस? पाळण्याच्या कडेवर अजून खुणा आहेत तुझ्या."

नवी कवळी मिळायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात दोन जण बिनदातांचे होते आणि दोघांचं जेवण एक झालं. सकाळी पातळ दलिया, एकाचा गुळाचा, एकाचा नुसता. दुपारी वरणभात, एकाचा तुपाचा, एकाचा बिनमिठाचा. मला दात येताना आई खारीक धरायला द्यायची. खारकेतली बी याच्या घशात जाईल म्हणून तिने गाजर घेतलं, अख्खं, जाडजूड, आणि ते फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिलं. गारव्याने हिरड्या बधिर होतात. संध्याकाळी ती पाट घेऊन बसायची, गाजराचं एक टोक तिच्या मुठीत, दुसरं त्याच्या तोंडात. कधी ओला पंचा पिळून, पीळ तसाच ठेवून गोठवलेला. करकर आवाज यायचा आणि आई समाधानाने ऐकत राहायची, एरवी रेडिओ ऐकते तशी. मुलीने पुण्याहून मागवलेली चार रंगांची खेळणी कोपऱ्यात पडून असायची. त्यांना कुणाचाच वास नव्हता.

आता तुपाच्या वाटीचं सांगतो. गराडूच्या तोंडात नको ती वस्तू दिसली की आमच्या घराची एक ठरलेली चाल होती. पहिल्यांदा ही ओरडायची. मग मी धावायचो. मग तो धावायचा, शेपटी वर, कान मागे, दिवाणाला तीन प्रदक्षिणा, डायनिंग टेबलाखालून अंगणात. मागून आई लाटणं घेऊन. महिनाभर आम्हाला वाटत होतं की आम्ही त्याला रागावतो आहोत. त्याला वाटत होतं की मोजा उचलला की सगळं घर खेळायला येतं. लसीकरणासाठी गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर महूच्या पशुवैद्यक कॉलेजातून शिकलेले, बोलणं चोख इंदुरी. म्हणाले, "पीछे मत भागो भिया. अच्छी चीज़ दिखाओ, सौदा करो." मोज्यापेक्षा चांगलं काही नाकाशी धरायचं, त्याने तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, ते खाऊ द्यायचं आणि मोजा हळूच काढून घ्यायचा. शक्य असेल तर वस्तू परतही द्यायची, म्हणजे सोडण्यात तोटा नाही हे त्याला पटतं. हिसकावून घेतलं की उलट. पुढच्या वेळी तो गिळून टाकतो, आणि गिळलेला मोजा आतड्यात अडकला तर पोट फाडावं लागतं.

मी हे घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नामदेवांसारखं."

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको देवा म्हणून. पन्नास वर्षं ही गोष्ट मी भूतदयेची म्हणून ऐकत आलो. कीर्तनकार इथे गळा दाटून आणतात. पण डॉक्टर जे सांगत होते ते नेमकं हेच होतं. मागे धावायचंच तर लाटणं घेऊन नाही, तूप घेऊन. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या प्रकाराला नाव पडलं. "अगं, रिमोट घेतलाय त्याने, तुपाची वाटी आण!" वाटीत तूप नसतं, उकडलेल्या रताळ्याचे तुकडे असतात, चिकन असलं तर चिकन. पण म्हणायचं तुपाची वाटी. आणि धावायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

रागवायचं बंद झालं असं मात्र नाही. हिचं ठाम मत होतं की त्याला सगळं कळतं. ती शाळेतून यायची, दार उघडायची, आणि तो कान पाडून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत, पोट जमिनीला घासत भिंतीकडे सरकायचा. "बघा, बघा! अपराधी आहे म्हणूनच ना?" पंचवीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला पुरावा तेवढा पुरतो. पण एकदा मांजरीने खिडकीतून उडी मारून मनीप्लांटची बाटली पाडली. गराडू त्या वेळी माझ्या पायाशी झोपलेला. ही आली, फुटकी काच पाहून किंचाळली, आणि तो उठून तसाच कान पाडून, तसाच पोट घासत भिंतीकडे. मी साक्षीदार होतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच १४ कुत्र्यांवर तपासून पाहिलं होतं. खाऊ नको म्हटलेलं बिस्कीट कुत्र्याने खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. तो ओशाळा चेहरा कुत्र्याने काय केलं यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. उलट ज्यांनी बिस्कीट खाल्लंच नव्हतं आणि तरी बोलणी बसली, त्यांचा चेहरा जास्तच ओशाळा दिसला. हे मी हिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वर्गातसुद्धा असंच होत असेल का हो?" त्यावर आम्ही पुढे बोललो नाही.

रागावून काही शिकवायचंच तर ते घडतं आहे त्याच क्षणी, फार तर पुढच्या काही सेकंदांत. उशी दुपारी फाडली आणि बोलणी संध्याकाळी सहाला बसली, तर त्याच्या लेखी त्या बोलण्यांचा उशीशी संबंध नाही. दार उघडण्याशी आहे.

मधल्या काळात आम्ही दोन मूर्खपणे केले. एक म्हणजे दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलेलं पांढरं, दगडासारखं हाड. "साल भर चलेगा," तो म्हणाला होता. ते खरंच चालेल, कारण त्यावर गराडूच्या नव्या दाढेचा टवका उडाला. डॉक्टरांनी मग साधी परीक्षा सांगितली. चघळायला जे द्याल त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. जराही खूण उमटत नसेल तर ते दातापेक्षा कडक आहे, देऊ नका. शिजवलेली हाडं तर नाहीच, त्यांच्या चिरफळ्या होऊन घशात आणि आतड्यात रुततात. दुसरा मूर्खपणा कडुनिंबाचा. शेजाऱ्यांनी मिरचीपूड लावा म्हटलं होतं. ते नाकाडोळ्यांत जाईल म्हणून मी नाही म्हटलं आणि मोठ्या शहाणपणाने कडुनिंबाचा पाला वाटून सोफ्याच्या पायांना लेप दिला. गराडूने तो चाटून स्वच्छ केला. पाडव्याला मी तितकीशी पानं तोंड वाकडं करून खातो. मग कारल्याचा रस लावला. त्यालाही तो आवडीने भिडला. काही कुत्री कडू वासाने लांब राहतात म्हणे. आमचा माळव्यातला, सकाळी शेव घातलेल्या पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या गावातला. त्याला चवीचं वावडं नाही.

एप्रिलअखेर दात आले. सगळे. घर शांत झालं. मुलीने शेवटचा पडलेला सुळा काजळाच्या डबीत ठेवला आणि आम्हाला वाटलं, संपलं.

जूनमध्ये मुलगी नोकरीला पुण्याला गेली.

जाताना ती त्याच्यापाशी तास-दीड तास बसली. आम्ही बॅगा मोजत होतो. ती गेली, पंधरा दिवस गेले, आषाढी झाली, आणि एका संध्याकाळी मी दार उघडलं तर हॉलमध्ये बर्फ पडलेला. दिवाणावरची लांब गादीउशी, हिच्या माहेरची, आतला कापूस पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर. कापसाच्या मधोमध गराडू. पुढल्या आठवड्यात दुसरी उशी, मग पायपुसणं, मग सोफ्याचा कोपरा, पिवळा फोम बाहेर.

आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते. इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं ते उगाच नाही. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक, असं सहा जागी वेगळं करून द्यावं लागतं. फोम कशात टाकायचा हे मला तेव्हाच कळलं. गाडीवरचा पोरगा रोज पिशवीत डोकावायचा. "आज क्या निपटाया, अंकल, इसने?" ही खजील व्हायची. आमच्या घरातल्या दुःखाचा हिशेब रोज सकाळी सुक्या कचऱ्यात जात होता.

कारण दुःख आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तो मुलीच्या विरहाने हे करतो आहे. ही डोळे पुसत म्हणायची, मुकं जनावर, सांगणार कसं? मी त्याला मुलीच्या खोलीत नेऊन बसवायचो. फोनवर तिचा आवाज ऐकवायचो. तिला सांगितलं तर ती तिकडे रडली. एकटं राहण्याची धास्ती घेतलेल्या कुत्र्यांबद्दल मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होतो, आणि जितकं वाचत होतो तितकी खात्री पटत होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, जुना मोबाइल असेल ना? घरातून निघताना चालू करून ठेवा.

मोबाइल मी पुस्तकांच्या फळीवर, विश्वकोशाच्या दोन खंडांच्या मधे टेकवला. चातुर्मासात आई रोज दुपारी तीन ते पाच देवळात पोथीला जाते, घर रिकामं असतं ते तेवढंच. रात्री आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो, नातेवाइकाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट बघायला बसावं तसे.

तीन वाजून चार मिनिटं. दार बंद होतं. गराडू दारापर्यंत जातो, फटीला नाक लावतो. हिने माझा दंड धरला. मग तो वळतो, पंख्याखालची फरशी निवडतो, तिच्यावर एक गिरकी घेतो आणि झोपतो. झोपतो म्हणजे चक्क चारी पाय वर करून. आम्ही व्हिडिओ पुढे पळवला. चार वाजायला आले तेव्हा उठला. पुढचे पाय लांब करून आळस दिला, मग मागचे. जांभई. पाणी प्यायला. खिडकीत जाऊन गल्ली पाहिली, गल्लीत काही नव्हतं. खोलीच्या मध्यावर येऊन उभा राहिला आणि त्याने सगळीकडे एकदा नजर फिरवली. पुढे गॅसवर काय चढवायचं याचा विचार करत उभी असलेली बाई अशीच बघते. मग दिवाणाकडे गेला, उशी खाली ओढली, दोन पायांत नीट धरली आणि एक कोपरा दाताने उसवायला लागला. हळूहळू. मन लावून. कापसाची एक बट बाहेर काढायची, जीभ झटकून बाजूला टाकायची, पुढची. मध्ये उठून परत पाणी प्यायला. परत येऊन जिथे सोडलं होतं तिथून पुढे.

आई म्हणाली, "निवडणटिपण करतोय."

डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मोबाइल परत दिला. खरी धास्ती असती तर तो झोपलाच नसता. माणसं गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच धापा, लाळ, रडणं सुरू होतं. दाराची चौकट, खिडकीचं जाळं कुरतडतात, जिथून माणूस गेला तिथे. पायांची नखं मोडून घेतात. त्यावर नुसती खेळणी पुरत नाहीत. एकटं राहणं एकेका मिनिटाने वाढवत शिकवावं लागतं, कधी औषध लागतं. "ये जुदाई नहीं है भिया. बोरियत है. बारिश में घुमाते हो इसको?"

नाही. पाऊस लागल्यापासून सकाळचं फिरणं गल्लीच्या टोकापर्यंत आलं होतं. केसरबाग रोडपर्यंत जाऊन यायचो ते मुलगीच नेत होती म्हणून. ती गेली तसं तेही गेलं. संध्याकाळी छत्री धरून मी त्याला खांबापर्यंत नेत असे आणि "चल, चल, चल" म्हणत परत ओढत असे. नऊ-दहा महिन्यांचं जवान कुत्रं. नवे ४२ दात जबड्यात पक्के बसत असतात, तेव्हा चघळण्याची दुसरी लाट येतेच आणि ती वर्षभराचं होईतो आणि पुढेही टिकते. दिवसभर त्याला काम काय, तर आमची वाट बघणं. तेही तो करत नव्हता हे आता कळलं होतं.

खरं सांगायचं तर मला राग आला. उशीचा नाही. इतके दिवस मी त्याच्यापाशी बसून जे काही बोलत होतो ते सगळं मला आठवलं आणि लाज वाटली. विरह होता घरात, नव्हता असं नाही. जेवणाच्या ताटांची मोजणी अजून चुकत होती. पण तो ज्याच्या नावावर आम्ही मांडून ठेवला होता, तो पंख्याखाली चारी पाय वर करून झोपला होता.

उपाय अगदीच साधे निघाले. मी रेनकोट काढला. सकाळी पाऊण तास, आणि ओढायचं नाही. त्याला हवा तिथे हवा तितका वेळ नाक खुपसू द्यायचं. एका विजेच्या खांबापाशी तो चार-चार मिनिटं थांबतो, मी लोकांच्या गच्च्या बघतो. वीस मिनिटं असं वास घेत चालला की घरी येऊन जो झोपतो तो तासभर धावूनही झोपत नाही. दुपारचं खाणं कटोरीत देणं बंद. आई देवळात निघण्याआधी ते जुन्या टॉवेलात गुंडाळून, टॉवेलाला गाठी मारून ठेवते, किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात रद्दीच्या बोळ्यांत लपवते. फाडायचंच आहे ना, तर हे फाड. आणि एक पोकळ रबरी खेळणं आणलं, त्यात दही-दलिया भरून गोठवायचा. ते चाटून रिकामं करायला त्याला पाऊण तास लागतो. हे खेळणं कसं निघालं ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. १९७० च्या दशकातली गोष्ट. मार्कहॅम फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होता, त्याने सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा काढून टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्यावरून काँग नावाचं खेळणं बाजारात आलं. म्हणजे शोध कुत्र्याचाच. माणसाने पेटंट घेतलं.

बाकी घर आवरलं गेलं. तीन ते पाच तो फक्त हॉलमध्ये. आतल्या दारात मुलीचा जुना ड्रॉइंग बोर्ड आडवा. वायरी कपाटामागे, चपला कपाटात. "पंचवीस वर्षं सांगत होते," ही म्हणाली, "कुत्र्याचं बरोबर ऐकलंत." नव्या उश्या अजून शिवलेल्या नाहीत. ऑगस्टभर सुक्या कचऱ्यात पुठ्ठ्याशिवाय काही गेलं नाही. गाडीवरच्या पोराने एकदा विचारलं सुद्धा, "तबीयत ठीक है ना उसकी?"

कवळीची वाटी आता कपाटाच्या वरच्या फळीवर असते, झाकण लावून. झाकणावर आईने स्टिकर चिकटवलाय, फ्रीझरमधल्या डब्यांवर लावतो तसला. "आईचे". गाजरांच्या डब्यावर आहे "वाघ्याचे".

परवा रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं-तिकडचं झालं, जेवलीस का, पाऊस कसाय, आणि मग तिने नेहमीचं विचारलं. "बाबा, आठवण काढतो का रे तो माझी?"

गराडू समोर खोक्यात डोकं घालून बसला होता. एक बोळा बाहेर आला, मग दुसरा. बिस्किटाचा एक तुकडा मिळाला तशी शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

"काढतो ना," मी म्हटलं. "संध्याकाळी तुझ्या खोलीच्या दारापाशी जाऊन बसतो."

आईने पोथीतून मान वर केली. "कोण बसतं?"

"अगं, ऐकू येत नाहीये तुझं," मी मुलीला म्हटलं आणि फोन घेऊन अंगणात गेलो.